तारीख कोणी ठरवायची? : १९१५ चा गदर आणि न उठलेला पंजाब

सप्टेंबर-ऑक्टोबर १९१४ मध्ये समुद्रावरून पंजाबी माणसांचे दोन प्रवाह उलट दिशांनी चालले होते. एक प्रवाह कराची-मुंबईहून फ्रान्सकडे निघालेल्या सैनिकांचा. २६ सप्टेंबरला त्यांची पहिली जहाजे मार्सेय बंदरात लागली. दुसरा प्रवाह सॅन फ्रान्सिस्को, व्हँकुव्हर, मनिला, शांघाय, हाँगकाँग इथून कलकत्त्याकडे येणाऱ्यांचा. हे लोक जालंधर, होशियारपूर, लुधियाना, अमृतसर या जिल्ह्यांतले. पहिल्या प्रवाहातल्या पुष्कळ शिपायांची गावेही तीच. एकाच शिवारातला एक जण इंग्रजांसाठी लढायला चालला होता आणि दुसरा इंग्रजांना हाकलून द्यायला घरी येत होता. दोघेही आपापल्या परीने घरादाराचा विचार करत होते. पुढच्या सहा महिन्यांत या दोघांची गाठ पडली आणि तिचा शेवट परतणाऱ्यांच्या दृष्टीने भयंकर झाला. गदर चळवळीचा हा इतिहास आपल्याकडे बलिदानाची गाथा म्हणून सांगितला जातो आणि तो मान तिला शोभतोही. पण त्यात एक राजकीय प्रश्न दडलेला आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. मायदेशाबद्दल बोलण्याचा हक्क परदेशी गेलेल्या माणसाला असतोच. मायदेशाने काय करावे आणि केव्हा करावे, हे ठरवण्याचा हक्कही त्याला असतो का?

गदरचा राग कुठून आला हे आधी पाहिले पाहिजे, कारण तो राग खरा होता. जालंधरच्या दोआबातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी वाटण्या होत होत तुकड्यांवर आल्या होत्या. घरातला एक मुलगा पलटणीत जाई, दुसरा जमीन गहाण टाकून जहाजाचे भाडे उभे करी आणि कॅनडा-अमेरिकेची वाट धरी. १९०८ पर्यंत एकट्या ब्रिटिश कोलंबियात पाच हजारांच्या आसपास हिंदी माणसे पोचली होती. वॉशिंग्टन-ओरेगॉनच्या लाकूडगिरण्यांत आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांवर दिवसाला दीड-दोन डॉलर मिळत. पैसा मिळत होता, मान मिळत नव्हता. ४ सप्टेंबर १९०७ रोजी बेलिंगहॅम गावात गोऱ्या मजुरांच्या जमावाने हिंदी कामगारांच्या खोल्या फोडल्या, त्यांना रस्त्यावर ओढले आणि काही दिवसांत सगळे गाव हिंदी माणसांपासून रिकामे करून टाकले. पुढच्या वर्षी कॅनडाने नियम काढला की मायदेशातून थेट, न थांबता येणाऱ्या जहाजातूनच उतरता येईल. आणि भारतातून असे जहाज येतच नव्हते. ज्या माजी सैनिकांनी साम्राज्यासाठी चीनपर्यंत जाऊन लढाया केल्या होत्या, त्यांना त्याच साम्राज्याच्या एका भागात पाय ठेवायला बंदी झाली. १९०९ मध्ये व्हँकुव्हरच्या गुरुद्वारात काहींनी आपली पलटणीतली प्रशस्तिपत्रे जाळली. जपानी मजुरावर हल्ला झाला की जपानचे सरकार जाब विचारते, आपल्यासाठी कोणी विचारत नाही, हे त्यांना रोज दिसत होते. परदेशातल्या अपमानाचे मूळ मायदेशातल्या गुलामीत आहे हा निष्कर्ष त्यांनी पुस्तकांतून काढला नव्हता, तो गिरणीच्या फाटकावर त्यांच्या पदरात पडला होता.

१९१३ मध्ये या निष्कर्षाला संघटनेचे रूप आले. सोहन सिंग भकना अध्यक्ष झाले, लाला हरदयाळ सचिव आणि काशीराम खजिनदार. सॅन फ्रान्सिस्कोत युगांतर आश्रम उभा राहिला आणि १ नोव्हेंबर १९१३ पासून ‘गदर’ हे साप्ताहिक निघू लागले, आधी उर्दूत, मग गुरुमुखीत. त्याच्या पानांवर इंग्रजी राज्याचा कच्चा हिशेब मांडलेला असे : दरवर्षी देशाबाहेर जाणारा पैसा, दुष्काळात मेलेली माणसे, सैन्यावरचा खर्च. महाराष्ट्राचा धागाही त्यात होता. टिळकांचा गौरव तिथे होत असे आणि सावरकरांचा १८५७ वरचा, मुळात मराठीत लिहिलेला ग्रंथ त्या पत्राने क्रमशः छापला होता. तळेगाव ढमढेरेचा विष्णु गणेश पिंगळे आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे अमेरिकेत शिकायला गेलेले तरुण याच वर्तुळात आले.

ही मंडळी मायदेशापासून पूर्णपणे तुटली होती असेही नव्हे. १९१३ मध्येच कॅनडातल्या हिंदी लोकांनी तीन जणांचे शिष्टमंडळ लंडनला आणि तिथून भारतात पाठवले. लंडनमध्ये वसाहतमंत्र्याने भेट नाकारली. भारतात मात्र व्हाइसरॉय भेटले, पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर भेटले, आणि लाहोर, लुधियाना, अमृतसर, जालंधर, लायलपूर अशा शहरांत मोठमोठ्या सभा झाल्या. वृत्तपत्रांनी शिष्टमंडळाची बाजू उचलून धरली. पुढच्या वर्षी कोमागाटा मारू जहाजाचे प्रकरण झाले. त्यातले ३७६ प्रवासी दोन महिने व्हँकुव्हरच्या बंदरात अडकून पडले आणि २३ जुलैला त्यांना हाकलून लावण्यात आले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज इथे त्यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हाही देशात हळहळ उमटली. परदेशस्थांची तक्रार घेऊन माणसे आली की पंजाब ऐकत होता, हे इथे लक्षात ठेवायचे, कारण पुढच्या घटनांचा अर्थ लावताना ते उपयोगी पडते.

४ ऑगस्ट १९१४ ला इंग्लंड युद्धात उतरले आणि गदरच्या पुढाऱ्यांनी ठरवले की वेळ आली. इंग्रजांचे सैन्य युरोपात गुंतलेले असताना उठाव करायचा. त्यांच्यापाशी शस्त्रे नव्हती, पैसा तुटपुंजा होता. हरदयाळ मार्चमधल्या अटकेनंतर युरोपात निघून गेले होते. तरीही सभांमागून सभा झाल्या, लोकांनी साठवलेले डॉलर पुढे केले आणि ऑगस्टच्या अखेरीस ‘कोरिया’ जहाजातून पहिली मोठी तुकडी निघाली. या निर्णयाची जाहीर वाच्यता इतकी झाली होती की सरकारला हेरगिरीचे फारसे कष्ट पडले नाहीत. सप्टेंबरमध्येच भारतात येणाऱ्यांना अडवण्याचा अध्यादेश निघाला. भकना १३ ऑक्टोबरला कलकत्त्याच्या बंदरातच पकडले गेले. २९ ऑक्टोबरला आलेल्या ‘तोसा मारू’ जहाजातल्या १७३ जणांपैकी बऱ्याच जणांची रवानगी परस्पर तुरुंगात झाली. एकूण सुमारे ८,००० माणसे परतली. त्यांपैकी ५,००० जणांना सरकारने बिनधोक मानून जाऊ दिले. फेब्रुवारी १९१५ पर्यंत १८९ जणांना स्थानबद्ध केले होते आणि ७०४ जणांना गावाबाहेर पडायची मनाई केली होती.

पोलिसांच्या हातून सुटलेले लोक गावोगाव पोचले तेव्हा त्यांना जो पंजाब दिसला, तो त्यांच्या साप्ताहिकातला पंजाब नव्हता. भारतीय सैन्यातला जवळजवळ निम्मा भरणा या प्रांताचा होता. घरोघरी पगार, पेन्शन आणि कालव्यावरच्या जमिनीची आशा होती. जैलदार, लंबरदार, सफेदपोश अशी इंग्रजांनी बांधलेली मानकऱ्यांची उतरंड गावाच्या कारभारात रुतलेली होती. शिखांची त्या काळची वजनदार संस्था म्हणजे चीफ खालसा दिवाण. तिने राजनिष्ठा जाहीर केली, परतलेल्यांना पतित आणि गुन्हेगार ठरवले आणि त्यांचा माग काढायला सरकारला मदत केली. हा सूर एकट्या पंजाबचा नव्हता. मंडालेहून जूनमध्ये सुटलेल्या टिळकांनी २७ ऑगस्टला पत्रक काढून युद्धात सरकारला साथ देण्याचे आवाहन केले आणि हिंसक कृत्यांपासून स्वतःला वेगळे ठेवले. डिसेंबरमध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनात राजनिष्ठेचा ठराव झाला. गदरच्या पानांवर ज्यांची नावे पूज्य होती, त्यांच्याच मुखातून त्या हिवाळ्यात वेगळा शब्द येत होता. टिळकांचा हिशेब डावपेचाचा होता, हे दीड वर्षात होमरूल लीग निघाल्यावर दिसलेच. पण तो हिशेब पुण्यात बसून, माणसांची तयारी पाहून केलेला होता.

या दोन जगांची टक्कर कशी झाली हे दोन गावांत स्पष्ट दिसते. २७ नोव्हेंबर १९१४ ला गदरच्या माणसांची एक टोळी मोग्याची तिजोरी लुटायला निघाली होती. फिरोजशहर गावापाशी पोलिसांनी त्यांना हटकले. झटापटीत एक ठाणेदार आणि एक जैलदार मारले गेले. दोघेही हिंदी. गदरने पुकारलेल्या युद्धातले हे सुरुवातीचे बळी होते आणि त्यांत इंग्रज एकही नव्हता. टोळी झाडीत शिरली, तेव्हा गावकऱ्यांनी पोलिसांच्या बाजूने वेढा दिला. दोघे तिथेच ठार झाले, सात जण सापडले आणि फासावर गेले. जानेवारी-फेब्रुवारीत पैसा उभा करण्यासाठी लुधियाना आणि अमृतसर जिल्ह्यांत सावकारांच्या घरांवर दरोडे पडले. अमृतसरजवळच्या चब्बा गावात सावकार मारला गेला. तिथल्या लोकांनी दरोडेखोरांचा पाठलाग करून काहींना धरले आणि त्या धाग्यावरून पोलिसांना पुढचा तपास गवसला. सॅन फ्रान्सिस्कोत बसून आखताना सावकाराचे घर लुटणे ही शोषणाविरुद्धची कारवाई दिसत होती. गावाच्या वेशीवर रात्री बंदुकांचे आवाज ऐकणाऱ्याला तो दरोडाच वाटला.

जानेवारीत बंगालचे क्रांतिकारक रासबिहारी बोस पंजाबात आले आणि कामाला शिस्त आली. पिंगळे आणि अमेरिकेहूनच परतलेला करतार सिंग सराभा छावण्या-छावण्यांतून हिंडले. २१ फेब्रुवारी ही उठावाची तारीख ठरली. आत शिरलेल्या कृपाल सिंग नावाच्या खबऱ्यामुळे ती फुटल्याचा संशय आला म्हणून १९ फेब्रुवारी केली, तीही फुटली. त्या संध्याकाळी सराभा कीर्तनकारांचे सोंग घेतलेल्या साथीदारांसह फिरोजपूर छावणीपर्यंत गेला. तिथे पलटणी आधीच सावध केल्या होत्या आणि त्याला परतावे लागले. पिंगळे महिनाभर हटला नाही. २३ मार्चला मेरठला १२ व्या रिसाल्याच्या लाइनीत तो पकडला गेला तेव्हा त्याच्याजवळच्या पेटीत दहा बॉम्ब होते; ज्या देशी सैनिकावर त्याने विश्वास टाकला, त्यानेच त्याला धरून दिले. लाहोरच्या खास न्यायासनाने चोवीस जणांना फाशीची शिक्षा सुनावली, व्हाइसरॉयने सतरा जणांची कमी केली. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात सात जण फासावर गेले. त्यांत सत्तावीस वर्षांचा पिंगळे आणि एकोणीस वर्षांचा सराभा होता.

या अपयशाची दोन स्पष्टीकरणे सररास दिली जातात : फितुरी आणि गावकऱ्यांची भित्री लाचारी. फितुरी झाली यात शंका नाही. पण एका खबऱ्याने उधळून लावता यावी इतकी चळवळ उथळ जमिनीत का होती, हा प्रश्न त्याने सुटत नाही. लाचारीचे स्पष्टीकरण तर पुराव्यापुढे टिकतच नाही. याच पंजाबी शेतकऱ्यांनी १९०७ मध्ये कालवा वसाहतींचा कायदा आणि पाणीपट्टीची वाढ याविरुद्ध असे रान उठवले होते की सरकारने लजपतराय आणि अजित सिंग यांना मंडालेला पाठवले आणि शेवटी तो कायदा व्हाइसरॉय मिंटोला नामंजूर करावा लागला. आपल्या वारसाहक्कावर गदा येते आहे हे ज्याला स्वतःला समजले, तो शेतकरी घाबरला नव्हता. १९१३ मध्ये कॅनडाच्या शिष्टमंडळाच्या सभांना गर्दी करणाराही तोच होता. एकाच समाजाची १९०७ ची उसळी, १९१३ ची सहानुभूती आणि १९१४ चे मौन ही तिन्ही एका सूत्रात ओवायची, तर एकच निष्कर्ष निघतो. पंजाबने परदेशस्थांचे गाऱ्हाणे स्वीकारले, त्यांची आज्ञा स्वीकारली नाही. गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्याला देश आपला मुलगा मानतो. तारीख ठरवून येणाऱ्याला तो विचारतो की ही तारीख कोणाला विचारून ठरवलीस?

ती तारीख ठरली लंडन आणि बर्लिनच्या घडामोडींवरून, पंजाबच्या हंगामावरून ठरली नाही. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून जग पाहताना साम्राज्याची अडचण दिसत होती. शिपायाच्या घरातून दिसत होता फ्रान्सच्या खंदकात असलेला भाऊ आणि त्याची येणारी पेन्शन. परदेशस्थाचे अन्यायाचे ज्ञान गावकऱ्यापेक्षा अधिक होते, कारण त्याने मोकळ्या देशातला माणूस पाहिला होता. किंमत काय पडेल याचे ज्ञान मात्र गावकऱ्याला अधिक होते, कारण ज्याचे जळते त्याला कळते. दोन्ही ज्ञाने खरी होती आणि दोन्ही अपुरी. चूक झाली ती पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली तिथे.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा की गदरचे लोक दूर बसून लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे नव्हते. चांगली कमाई टाकून ते परतले आणि स्वतः फासावर गेले, मग त्यांना हक्क नाही तर कोणाला? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. परतण्याने त्यांची नैतिक उंची निर्विवाद ठरते आणि म्हणूनच त्यांना आजच्या अनेक दूरस्थ देशभक्तांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. पण स्वतःचा जीव देण्याच्या तयारीने दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार मिळत नाही. कटात सामील झालेल्या २३ व्या रिसाल्यातल्या बारा स्वारांना फाशी झाली, ते अमेरिकेहून आलेले नव्हते. मार्च १९१५ चा भारत संरक्षण कायदा सगळ्यांवर लागू झाला. त्याची मुदत संपत आली तेव्हा पंजाब-बंगालचे दाखले देत रौलट समितीने तसेच अधिकार युद्धानंतरही मागितले. या दडपशाहीचे पाप इंग्रजांचेच, गदरवर ते ढकलता येणार नाही. एवढेच की उठावाची किंमत ज्या लाखोंवर पडणार होती, त्यांच्यापैकी कोणालाही सॅन फ्रान्सिस्कोच्या बैठकीत जागा नव्हती.

दुसरा आक्षेप असा की गुलामाच्या मौनाला संमती कसे म्हणायचे? पुढे पंजाब पेटला, जालियनवाला बाग झाली, म्हणजे गदरवाल्यांचे पाहणे बरोबर होते. त्यांनी आधी पाहिले, हे अगदी खरे. इंग्रजी राज्याबद्दलचे त्यांचे निदान काँग्रेसच्या पुढाऱ्यांच्या निदानापेक्षा अचूक होते, हे चार वर्षांत सिद्ध झाले. पण १९१९ चा पंजाब पेटला तो सक्तीच्या सैन्यभरतीने, भडकलेल्या महागाईने आणि रौलट कायद्याने, म्हणजे स्वतःच्या अनुभवाने. मौन ही संमती नसते हे मान्य करूनही, ते मौन वाचावे लागते. त्यात भीती किती, स्वार्थ किती, शहाणपण किती हे तपासावे लागते. आधी दिसले म्हणून आधी ठरवायचा हक्क येत नाही. ज्याला आधी दिसते, त्याच्यावर इतरांना दाखवत राहण्याची जबाबदारी येते.

तिसरा आक्षेप गांधींच्या नावाने येईल. तेही एकवीस वर्षे परदेशात राहून ९ जानेवारी १९१५ ला मुंबईत उतरले आणि त्यांनी तर सारा देश हलवला. हे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, ते अधिक नेमके करते. गोखल्यांनी गांधींकडून वचन घेतले होते की वर्षभर देश पाहायचा आणि राजकारणावर जाहीर बोलायचे नाही. १९ फेब्रुवारीला, गदरच्या उठावासाठी नव्याने नेमलेल्या त्याच दिवशी, गोखले पुण्यात वारले. गांधींनी वचन मोडले नाही. गांधी राजनिष्ठ होते म्हणून त्यांना हिंडायला मोकळीक मिळाली, गदरवाल्यांना ती मिळूच शकत नव्हती, ही हरकत रास्त आहे आणि दोघांच्या धैर्याची तुलना मी करणारही नाही. फरक पद्धतीचा आहे. चंपारण्याची तारीख गांधींनी दक्षिण आफ्रिकेत ठरवली नव्हती, तिथला शेतकरी ती घेऊन त्यांच्याकडे आला. परदेशी राहिल्याने कोणी अपात्र होत नाही, पण परतल्यावर पुन्हा पात्र व्हावे लागते.

हे गदरच्या वाचलेल्या लोकांनाही उमगले, आणि माझ्या मते त्या चळवळीचे खरे यश तिथे आहे. भकनांनी अंदमान भोगले, मग कोइमतूर आणि आपल्या येरवड्याचा तुरुंग भोगला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मजहबी शिखांना इतरांच्या पंगतीत बसू देत नाहीत म्हणून त्यांनी तुरुंगात उपोषण केले. १९३० मध्ये सुटल्यावर ते पंजाबच्या किसान चळवळीत शिरले आणि १९६८ पर्यंत त्याच मातीत राहिले. कर्ज, सारा, पाणी हे गावाचे प्रश्न आता त्यांचे प्रश्न होते आणि ज्या शेतकऱ्याने १९१४ मध्ये पाठ फिरवली होती, त्याच्याच पिढीबरोबर त्यांनी काम केले. सराभाला आदर्श मानणारा भगतसिंग ज्या पंजाबात वाढला, तो याच लोकांनी घडवत आणला होता. खानखोज्यांची वाट वेगळी. मेक्सिकोत मक्याचे नामवंत शास्त्रज्ञ झालेल्या या क्रांतिकारकाला मायदेशी यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. आयुष्याचा शेवट त्यांनी नागपुरात केला.

आज मायदेशाच्या राजकारणात परदेशस्थांचा आवाज गदरच्या काळापेक्षा कितीतरी मोठा आहे. पैसा क्षणात पोचतो, शब्द त्याहून आधी. आयरिश, तमिळ, पंजाबी, ज्यू, क्यूबन अशा कितीतरी समाजांत विसाव्या शतकभर हा तंटा चालला की कडवी भूमिका दूरच्यांनी घ्यायची आणि तिचे चटके जवळच्यांनी सोसायचे. त्यावर रहिवाशांनी सरसकट ‘तुम्ही बाहेरचे, तुम्ही गप्प बसा’ असे म्हणणे हा उपाय नव्हे. तसे केले तर १९१४ च्या पंजाबने स्वतःचे जे नुकसान करून घेतले, खरे निदान सांगणाऱ्याला पतित ठरवले, तेच पुन्हा होईल. परदेशस्थाने सांगावे, लिहावे, पैसा द्यावा, आपल्यावरचा अन्याय आणि मायदेशातला अन्याय यांची सांगड घालून दाखवावी. हे सगळे त्याचे हक्काचे आहे. पण संघर्ष कधी सुरू करायचा, किती ताणायचा आणि कुठे थांबवायचा, हे ज्यांच्या दारावर पोलीस येणार आहेत त्यांनीच ठरवले पाहिजे. गदरवाल्यांनी निदान ते दार स्वतः ठोठावण्याचे धाडस तरी केले होते. जे तेवढेही करणार नाहीत, त्यांनी तारखा ठरवण्याचा मोह आवरलाच पाहिजे.